घासलेले चार पिस्टन

एखादी वस्तू काळवंडलेली दिसली की माझे हात शिवशिवतात. हा माझा गुण आहे असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. तो गुण नसून खोड आहे, हे कळायला मला चौतीस वर्षं आणि एक इंजिन लागलं.

खामगावला चांदीच्या कारखान्यात मी आठ वर्षं पॉलिशवर होतो. समया, ताटं, पैंजण, देवांचे मुखवटे. वस्तू माझ्यापुढं यायची ती मळकट, आणि जायची ती अशी की तिच्यात बघून भांग पाडावा. फिरणाऱ्या कापडी चाकाला आम्ही बफ म्हणायचो. त्याला पॉलिशची लाल वडी लावायची आणि वस्तू धरायची, एवढंच काम. पण किती दाबायचं आणि कधी उचलायचं, हे दहातल्या आठ जणांना जमत नाही. मला जमायचं, म्हणून मी जरा फुगलेलाच असायचो. पुढं त्या धुळीनं छाती धरली, डॉक्टरांनी दम भरला, आणि मी नांदुऱ्याला चाचांच्या वर्कशॉपात इंजिनाच्या कामाला लागलो.

चाचा म्हणजे आमच्या भागातले बोअरिंगचे उस्ताद. झिजलेलं इंजिन त्यांच्याकडं आलं की ते सिलेंडर आतून कातून थोड्या मोठ्या मापाचे करायचे आणि त्या मापाचे नवे पिस्टन घालून इंजिन पुन्हा उभं करायचे. बोलणं कमी. विचारलं तर सगळं सांगायचे, न विचारलं तर एक अक्षर नाही. आणि मला विचारायची सवय नव्हती. खामगावला लोकच मला विचारायला यायचे ना!

आता ताईचं सांगतो, कारण हे सगळं तिच्या नावानं झालं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. दर बुधवारी आणि शनिवारी बुलढाण्याला दवाखान्यात तिला चार तास मशीनवर घेतात आणि रक्त धुऊन परत अंगात सोडतात. पाणी प्यायचं ते मोजून, वाटीनं. एक खेप चुकली की पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, मग ते छातीत उतरतं आणि श्वास पुरत नाही. एकदा पुरामुळं खेप चुकली होती, तेव्हा तिला दोन दिवस आडवंसुद्धा होता आलं नव्हतं. भाऊजींची जुनी डिझेल जीप आहे. ते नांदुरा, मोताळा, बुलढाणा अशी सवारी भरतात आणि त्याच जीपनं ताईला नेतात. एसटीत जागा मिळेलच असं नसतं, आणि घाटातून उभ्यानं जाणं तिला झेपत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की घरातल्या कुणाची किडनी चालते का ते बघा. आधी नुसता रक्तगट तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. भाऊजींचा जुळला नाही. आई थकलेली, तिला शुगर. उरलो मी. मी म्हणालो, दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाली. मग म्हणालो, छातीचं औषध संपू द्या. तेही संपलं. या टोलवाटोलवीत दोन वर्षं गेली आणि ताईनं एकदाही विषय काढला नाही. मी भित्रा आहे, उगाच शब्दांचे खेळ कशाला करू? पण तिचं दुसरं कुठलंही काम निघालं की मी हातातलं टाकून धावायचो, आणि लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

एप्रिलातल्या एका बुधवारी भाऊजी बुलढाण्याहून परतले ते मागं निळ्या धुराचा पडदा ओढतच. इंजिनात दम उरला नव्हता. चाचांनी ऑइलचं झाकण उघडून त्यावर तळहात धरला, आतून वाफ फुसफुसत होती. पिस्टन आणि सिलेंडर दोन्ही झिजले होते. भाऊजींनी एकच विचारलं, शनिवारी सकाळपर्यंत होईल का? चाचांनी बोटांवर दिवस मोजले आणि मान हलवली. गुरुवारी त्यांनी दुसरं कुठलंच काम हातात घेतलं नाही. चारही सिलेंडर कातले, आतून फुलीफुलीच्या बारीक रेघा पाडल्या, नवे पिस्टन एकेका सिलेंडरमध्ये घालून फट मोजली आणि पुन्हा कागदात गुंडाळून त्यांवर खडूनं आकडे टाकले.

शुक्रवारी दुपारी ते जुम्म्याच्या नमाजला निघाले. जाताना म्हणाले, मी येईपर्यंत कागद सोडू नको. मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून सांगतायत. ते वळणावरून दिसेनासे झाले आणि मी पहिला कागद सोडला.

पिस्टनचं डोकं बरं होतं, पांढरं, स्वच्छ. पण बाजू? जी बाजू सिलेंडरला घासत दिवसभर खालीवर करते, ती काळपट! जणू कुणी काजळीचा हात फिरवलाय. त्यावर नख ओढलं तर बारीक बारीक रेषा नखाला लागल्या. मला चक्क राग आला. नवा माल, आणि कारखान्यातून असा खरबरीत, मळका पाठवतात? आमच्या खामगावात असलं पैंजण कुणी दुकानात ठेवलं असतं तर त्याला बाजारातून उठवला असता. सिलेंडरच्या आत रेघा का पाडतात ते मी ऐकून होतो, पण पिस्टनचा आणि त्याचा संबंध मी जोडला नाही. माझा हिशेब सोपा होता. गुळगुळीत झालं की घर्षण कमी, घर्षण कमी की गाडी हलकी, गाडी हलकी की ताई घाटातून अलगद वर. या हिशेबात मला कुठंच खोट दिसेना.

माझी बफची चाकं मी खामगावहून आणून ठेवलेलीच होती. ग्राइंडरला चढवली, लाल वडी लावली. तासाभरात चारही पिस्टनचा काळा थर गेला, रेषा गेल्या, आणि बाजू अशा लखलखल्या की त्यांत माझं नाक दिसायला लागलं. त्या तासात मी फार सुखी होतो. रक्तगटाची तपासणी, दवाखाना, सुया, कशाचीच आठवण नव्हती. ताईसाठी मी काहीतरी करत होतो आणि त्यात मला कुणी कापणार नव्हतं.

चाचा परतले तेव्हा मी रिंगा घालून, ऑइल चोपडून चारही पिस्टन आत बसवून मोकळा झालो होतो. कागद का सोडले म्हणून ते थोडे चिडले, पण वेळ कमी होता. वरून त्यांना पिस्टनची फक्त डोकी दिसत होती. त्यांनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, चढवलं, बोल्ट आवळले. संध्याकाळी सहाला इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि आवाजही गोड लागला. चाचांनी भाऊजींना बजावलं की पहिले काही दिवस सावकाश चालवा, ओझं कमी भरा. भाऊजी हो म्हणाले. मी मागं उभा राहून गालात हसत होतो. वेळ आली की गुपित फोडायचं, असं ठरवलं होतं.

शनिवारी साडेसहाला ते दोघं निघाले. सातला मी वर्कशॉपात पोचलो तर चाचा ग्राइंडरसमोर उभे. बफच्या चाकावर काळा-लाल लेप बसला होता. त्यांनी बोटानं तो चोळून पाहिला आणि काय घासलं म्हणून विचारलं. मी शाबासकीच्या आशेनं सगळं सांगून टाकलं, चारही पिस्टनचा आरसा केला म्हणालो.

चाचा खाली पेटीवर बसले. मग उठून त्यांनी फळीवरचा एक नवा पिस्टन काढला आणि त्याच्या काळ्या बाजूवर ऑइलचं बोट ओढून तो उभा धरला. तेल रेषांमध्ये बसलं आणि बसूनच राहिलं. दुसरं बोट त्यांनी माझ्या डब्याच्या स्टीलच्या झाकणावर ओढलं. तेल सरळ ओघळून जमिनीवर पडलं.

“डोकं कितीबी चमकाव, काही फरक नाई पडत,” ते म्हणाले. “पण बाजू घासाची नसते, बेटा. त्या रेषा म्हंजे मळ नाई. तेल तिथंच थांबते. तो काळा थरबी मळ नाई, नव्या इंजिनाले सांभाळाले देलेला हाये. सपाटीवर चालून जाईन गाडी. घाटात इंजिन तापलं, जोर लागला, का पिस्टन सिलेंडरले धरीन.”

पिस्टनानं धरलं की इंजिन जागीच बंद पडतं, हे मी दोन वर्षांत चारदा पाहिलं होतं. राजूरचा घाट, आत ताई, आणि आठ वाजता मशीन. भाऊजींना फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना ते फोन उचलत नाहीत. त्यांच्या या शिस्तीचं मीच चारचौघांत कौतुक करायचो. ताईचा फोन घरीच राहिला होता, तो आईनं उचलला. आईला मी काही सांगितलं नाही, चुकून लागला म्हणालो. चाचा तोवर माझी मोटरसायकल बाहेर काढून उभे होते. गाडी तापून थांबलेली दिसली तर अजिबात सुरू करू देऊ नको, पाणी ओतू देऊ नको, एवढं त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं.

मोताळ्यापर्यंतचा रस्ता मी कसा गेलो ते मला नीट आठवत नाही. डोक्यात एकच आशा होती. शनिवारी मोताळ्याला भाऊजी सवारी भरायला थांबतात, निदान वीस मिनिटं. तिथं पोचलो तर जीप नाही. चहावाला म्हणाला, आत्ताच गेले, आज सवारी लवकर भरली. म्हणजे ओझंही होतं. चाचांना हो म्हणून भाऊजींनी गाडी भरलीच होती. मला त्यांचा राग आला, आणि लगेच कळलं की रागावण्याचा हक्क आज माझा नाही.

राजूर मागं पडलं, घाट लागला. सागाची पानं गळून गेलेली, त्यामुळं वरची वळणं खालूनच दिसतात. प्रत्येक वळणावर मी वर पाहत होतो. तिसऱ्या वळणावर जीप दिसली. कडेला उभी होती, बॉनेट वर केलेलं.

भाऊजी कसलेले ड्रायव्हर. ओढ कमी झाली, आतून चर्र असा आवाज आला, तशी त्यांनी त्याच क्षणी गाडी थांबवली होती. पुढं चाचांनी इंजिन उघडलं तेव्हा दोन पिस्टनांवर वरपासून खालपर्यंत ओरखडे होते. सिलेंडर मात्र थोडक्यात वाचले होते. पण हे नंतरचं. त्या वेळी पाच-सहा सवारी रस्त्यावर उभ्या होत्या आणि ताई कठड्यावर बसली होती. तोंड किंचित उघडं ठेवून ती श्वास घेत होती. चपला काढल्या होत्या, कारण पाय त्यांत मावत नव्हते. बुधवारपासूनचं पाणी अंगात होतं. पावणेआठ वाजले होते.

भाऊजी पुन्हा चावी फिरवायच्या बेतात होते. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. त्यांना वाटलं, चाचांनी मदतीला धाडलं असेल. कपाळाचा घाम पुसत ते म्हणाले, “चाचाचा हात आता पयल्यासारखा नाई राह्यला. टाइट करून ठेवलं त्यानं.” सवारीतले एक म्हातारे लगेच म्हणाले की वय झालं, नजर जाते, आता अशा माणसाला काम देऊच नये. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी गप्प होतो. इंजिन गार होईतो थांबा, एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. चाचांनीही स्वतःहून कधी सांगितलं नसतं, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. त्यांची सगळ्या पंचक्रोशीतली इभ्रत त्या वळणावर सहा माणसांच्या तोंडी आली होती आणि दुपारपर्यंत ही गोष्ट सगळीकडं पोचली असती. तेवढ्यात भाऊजींचा हात चावीकडं गेला.

“चाचानं नाई केलं,” मी म्हणालो. “मी केलं. त्याईले न सांगता पिस्टन घासले. गाडी चालू करू नका.”

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. चारचौघांत त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त चावी काढून खिशात टाकली. वरून एक एसटी आली, ती उतरणारी. खालून काहीच येत नव्हतं. मग ते म्हणाले, “गाडीचं मंग पाहू. तू हिले ने.”

ताईला मोटरसायकलवर मागं बसवलं. भाऊजींनी आपला दुपट्टा तिच्या कमरेभोवतून माझ्या पोटाशी आणून बांधला. तिच्या डाव्या हातात ऑपरेशन करून सुया लावायची नस केलेली आहे, त्या हातावर दाब यायला नको, म्हणून तो तिनं माझ्या खांद्यावर नुसता टेकवला. तो हात माझ्या मानेला लागत होता आणि त्या नसेतून रक्त जोरात वाहतं त्याची थरथर मला जाणवत होती. गाडी मी दुसऱ्या गिअरवर ठेवली. तिचा श्वास माझ्या पाठीवर येत होता, तोकडा, घाईचा. मी वळणं मोजत होतो आणि तिचे श्वासही मोजत होतो.

“काऊन घासले रे?” तिनं विचारलं.

गाडी हलकी चालावी म्हणून, मी म्हणालो. तुह्यासाठी.

एक वळण गेलं. बोलायला तिला दम जुळवावा लागत होता.

“आई माह्यासाठी चोरून आंबा देते. हे माह्यासाठी एक घोट पाणी जास्त देतेत. तू माह्यासाठी पिस्टन घासतं. तुम्ही सगळे माह्यासाठीच करता, अन् ते मलेच भोगा लागते.” ती थांबली. “मले काय लागते, ते कोणी इचारत नाई.”

तिला काय लागतं ते मला ठाऊक होतं. दोन वर्षं ठाऊक होतं. मी इंजिनाचा आवाज ऐकतोय असं दाखवलं. शेवटच्या चढावर तिचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं आणि मी दर थोड्या वेळानं ताई, ताई असं म्हणत राहिलो. ती हं म्हणायची. दोनदा म्हणाली नाही. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा म्हणाली, ओरडू नको, जागी हाये मी.

दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. तिथल्या नर्सबाईंनी मशीन अजून दुसऱ्याला दिलं नव्हतं. व्हीलचेअर आली, वजन झालं, वजनाचा आकडा पाहून त्यांनी घाई केली. दोन जाड सुया तिच्या हातात गेल्या. मी तोंड फिरवलं. आजवर दर वेळी मी बाहेरच्या बाकावर बसायचो. सुया कधी पाहिल्या नव्हत्या. आज तिनं माझ्या बाहीचं टोक धरलं होतं, म्हणून सुटता आलं नाही.

अर्ध्या तासानं तिचा श्वास लांब झाला. भाऊजींचा फोन आला, चाचा टेम्पो घेऊन घाटात पोचले होते आणि जीप ओढून नेत होते. चाचा काय म्हणाले, असं मी विचारलं. भाऊजी म्हणाले, काही नाही, पोरगी पोचली का एवढंच विचारलं.

मी स्टूल ओढून ताईच्या उशाशी बसलो. नळ्यांतून तिचं रक्त जात होतं, येत होतं. मी ते पाहत राहिलो आणि मग जे दोन वर्षांत जमलं नव्हतं ते बोललो.

“ताई, मले भेव वाटते.”

कशाचं, असं तिनं विचारलं नाही. डोळे मिटलेलेच होते.

“मलेबी वाटते,” ती म्हणाली. “दर बुधवारी वाटते. दर शनिवारी वाटते.”

तेवढं बोलून तिला झोप लागली. मी खाली लॅबमध्ये गेलो, बोट पुढं केलं. खरंच पाच मिनिटांचं काम होतं. चिठ्ठी हातात आली, तिच्यावर ताईचाच रक्तगट लिहिलेला होता. पुढं अजून पुष्कळ तपासण्या असतात हे मला माहीत आहे, पण त्या जिन्यात उभा असताना माझ्या मनात काय आलं ते सांगतो. वाटलं, जुळला नसता तर बरं झालं असतं. मग वर गेलो, ती जागी होईपर्यंत थांबलो आणि चिठ्ठी तिच्या उजव्या हातात दिली.